आत्याच्या खुर्चीतला पुतळा

आत्या म्हणजे भारी बेरकी बाई. उभा जन्म बायकांचे कपडे शिवले, पण स्वतःचं माप कुणाला काढू दिलं नाही.

ती जिन्यात घसरली, पाय मुरगळला, तसा परगावचा भाचा धावत आला. त्याला तिनंच लहानाचा मोठा केला. लहानपणी त्यानं शर्टाचं बटण गिळलं होतं, म्हणून तो अजूनही बटण्याच. त्यानं भिंतीवर कॅमेरा बसवला आणि बजावलं, "पुन्हा एकटी जिना उतरलीस, तर गाठोडं बांधून माझ्याकडे नेईन. मग तू आणि माझा नववा मजला!"

खाली कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे आत्याचा पत्त्यांचा अड्डा. तो सुटला तर जगायचं कशाला?

पण हार मानेल ती आत्या कसली! शिवणाच्या खोलीतला कापडी पुतळा तिनं खुर्चीत बसवला, पाठ कॅमेऱ्याकडे. डोकं नव्हतं, ते चिंध्यांचं केलं. वर स्कार्फ, अंगावर शाल. आणि बाईसाहेब चालल्या पत्ते कुटायला.

"आज बराच वेळ बसून होतीस गं," संध्याकाळी भाचा फोनवर म्हणायचा.

"काय करणार बाबा, म्हातारपण!" आत्या कण्हत सांगायची.

एकदा डाव लवकर मोडला. आत्यानं दार उघडलं, तर कॅमेऱ्यातून भाच्याचा आवाज. पुतळ्याशी बोलत होता! ती उंबऱ्यातच थिजली. संपलं सगळं. आता नववा मजला.

"...घरी आलं की बोलायला माणूस नाही रे. आत्याची फार आठवण येते. तिला सांगावं तर थट्टेवारी नेणार, म्हणून तुला सांगतोय. आणि हे बघ, पत्ते कुटून आली की तिला म्हणावं, आज काठी घरातच विसरलीस."

आत्या तरातरा आत आली. "मेल्या, कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून! अभ्यास चुकवायला ह्यालाच पांघरुणात झोपवून पळायचो की मी. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक."

"मग न्यायला का नाही आलास?"

"तुला कळायचं, तरी तू तेव्हा मला कुठं ओढून आणायचीस? हा खुर्चीत दिसला की कळतं, आत्या ठणठणीत आहे, गेली हुंदडायला."

आत्या हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिनं चिंध्यांच्या डोक्याला दोन बटणांचे डोळे शिवले आणि खुर्ची कॅमेऱ्याकडे फिरवली. काठी उचलली.

"येते रे बटण्या," दारातून ती म्हणाली. "तोवर ह्याच्याशी बोल. पण आठवण आली, तर ते मला सांगायचं. नाही करणार थट्टा."