सातपुडा हिरवा रंगवला तेव्हा

आठवीत असताना मी नकाशात सातपुडा हिरवा रंगवला आणि पूर्णेचं खोरं तपकिरी. डोंगर तपकिरी दाखवायचे आणि सपाट प्रदेश हिरवा, हे मला पाठ होतं. तरी वही हातात घेताच मॅडमनी मला उभं केलं.

"मागच्या वेळीही हेच केलं होतंस. गंमत वाटते का तुला?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, हा वरूडचा आहे. याच्या घरून सातपुडा हिरवाच दिसते."

सगळा वर्ग हसला, मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. तास संपेपर्यंत मी उभा राहिलो. चुकलं काय, ते मला खरोखरच कळत नव्हतं.

मी तेव्हा अमरावतीत मामांकडे राहून शिकत होतो. वरूडला बाबांची संत्र्याची बाग. या मॅडम आम्हाला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत. गुंडाळलेला नकाशा काखेत धरून त्या दारात आल्या की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. चित्रकलेच्या सरांचं याच्या अगदी उलट. परीक्षा जवळ आली की गणितवाले त्यांचा तास मागायचे आणि सर हसत देऊन टाकायचे. आम्हाला त्याचंच वाईट वाटायचं.

रंगांच्या बाबतीत मी माझ्यापुरता मार्ग काढलेला होता. रंगखडूच्या कागदावर नाव छापलेलं असे, ते वाचून मी रंग उचलायचो. कागद निघाला की अंदाजाने. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं, फक्त बाकीचे माझ्यापेक्षा जास्त लक्ष देतात. घरीही तेच. सुटीत संत्र्याच्या तोडीला गेलो की बाबा ओरडायचे, "काहून बे, कच्ची तोडून राहिला? ध्यान कुठं आहे तुयं?" मीही मनाशी ठरवायचो, उद्यापासून नीट ध्यान द्यायचं.

त्याच आठवड्यात सरांनी टेबलावर मातीचा माठ ठेवला आणि म्हणाले, काढा. मी काढला, रंगवला. सर फिरत फिरत माझ्यामागे येऊन थांबले.

"माठ हिरवा काहून केला?"

"मातीचाच रंग दिला, सर."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, आपल्या डब्यातले विनाकागदाचे खडू बाकावर ओतले आणि म्हणाले, "यातले सारखे सारखे एका जागी ठेव." मी ढीग केले. सर ते ढीग बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला थेट शिक्षकांच्या खोलीत नेलं.

"मॅडम, या पोरावर रागावू नका. याले हिरवा अन् तपकिरी एकच दिसते. लाल रंगातही घोळ आहे."

"असं कसं? घरच्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही?"

"यालेच माहीत नाही, तर घरच्यायले कसं कळन?"

मॅडमनी माझी वही पुन्हा उघडली. नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या त्या म्हणाल्या, "याला मी विनाकारण उभं केलं होतं. चूक याची नव्हती, माझी होती." एवढं बोलून त्यांनी पुस्तक उघडलं. मोठं माणूस लहानासमोर, तेही चारचौघांत, असं म्हणू शकतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मामांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ठिपक्यांची चित्रं दाखवून डॉक्टर म्हणाले, हे जन्माचंच आहे, औषध नाही आणि घाबरण्यासारखंही काही नाही. पण नकाशाचं काय करायचं? ते या दोघांनी सोडवलं. सरांनी मला पेन्सिलीने रेघा मारायला शिकवलं: मैदानाला विरळ आडव्या, डोंगराला दाट तिरप्या, पठाराला ठिपके. मॅडम शेजारी बसून कोपऱ्यातली सूची तपासायच्या. पुढे त्यांनी अख्ख्या वर्गाला एक नकाशा रंगाशिवाय काढायला लावला, म्हणजे मी एकटा वेगळा दिसायला नको. तसं त्या बोलल्या नाहीत, पण मला समजलं.

एका रविवारी तर दोघेही एसटीने आमच्या घरी वरूडला आले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घाबरून विचारलं, "म्हणजे पोरगं आंधळं होते का, सर?"

"नाही हो. याले सारंच दिसते. फक्त रंगावर भरवसा ठेवता येत नाही."

चहा झाल्यावर बाबा मला बागेत घेऊन गेले आणि दोन संत्री माझ्या हातात दिली. "दाबून पाह्य. ज्याची साल ढिली लागते, ते पिकलं." त्यानंतर तोडीत बाबा माझ्यावर कधी ओरडले नाहीत.

दहावीनंतर बडनेरा जंक्शनजवळच्या मित्रांनी रेल्वेचा ध्यास घेतला. मलाही इंजिन चालवायचं होतं. मॅडमनी मला घरी बोलावून स्पष्ट सांगितलं, "सिग्नलचे रंग ओळखावे लागतात. तिथे तुला घेणार नाहीत. वाईट वाटेल, पण आत्ताच वाटू दे." वाटलं, खूप वाटलं. पण माझी वर्षं वाचली. मी भूगोल घेऊन शिकलो आणि आता अकोल्याच्या जुन्या शहरात एका शाळेत तोच विषय शिकवतो. नवा वर्ग आला की पहिल्या आठवड्यात मुलांसमोर विनाकागदाचे खडू ढीग करायला ठेवतो आणि ते ढीग तपासायला दुसऱ्या शिक्षकांना बोलावतो.

दोघेही आता निवृत्त आहेत. मॅडम मुलीकडे पुण्याला असतात, फोनवर अजून माझी उजळणी घेतात. सर अमरावतीतच आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी भेटायला गेलो. पट्टी निघालेली होती. सरांनी भिंतीवरची आपली चित्रं खाली उतरवून सोफ्यावर मांडून ठेवली होती.

"पाह्य, हे काय करून ठेवलं मी!" ते म्हणाले. "सारं पिवळं-पिवळं. डोळ्यावर जाळं होतं, अन् मले वाटे, जग असंच आहे. आता आभाळ इतकं निळं दिसून राहिलं की काय सांगू! तुयी लय आठवण झाली."

मी एकेक चित्र हातात घेऊन पाहिलं.

"मले तर चांगलीच दिसून राहिली, सर."

सर मोठ्याने हसले, डोळ्यात पाणी येईपर्यंत. आतून काकू ओरडल्या, "डोळे चोळू नका हो!" मग आम्ही दोघांनी मिळून ती सगळी चित्रं पुन्हा भिंतीवर लावली.