घोडीच्या पांढऱ्या हिरड्या

सन १९६३. माझं वय तेव्हा सव्वीस. शाळा मी चौथीत सोडली, त्याची मला लाज नाही. घोड्यातलं आपल्याला सगळं कळतं असं मी त्या काळात छाती ठोकून सांगत फिरत होतो, त्याची लाज आहे. आणि लाजेपेक्षा राग जास्त आहे. इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो.

जानेफळहून मेहकरला माझा टांगा चालायचा. एस.टी. सुरू झाली होती, पण ती तिच्या मर्जीची. बाकी बाळंतिणी, म्हातारे, कोर्टाच्या तारखेवाले, सगळे माझ्याच टांग्यात. घोडी लाल होती. शिंगरू असताना आणली आणि माझ्या हातानं जुंपायला शिकवली. चाबूक असायचा तो मागं लागणाऱ्या कुत्र्यांसाठी. तिच्या पाठीवर मी तो कधी टेकवला नाही, हे गावात कुणीही सांगितलं असतं.

त्या वर्षी होळीनंतर ती बदलली. मेहकरच्या अलीकडे चढ लागतो, तिथं ती थांबायला लागली. आधी चढ संपल्यावर, मग मध्यावर, मग चढ दिसला की. थोडं चाललं की घामानं न्हायची आणि नाकपुड्या अशा हलायच्या की जणू मैलभर पळून आली. केस उभे राहिले, चमक गेली. पोटाखाली हात लावला तर सूज, बोट दाबलं की खड्डा तसाच. आणि कोठ्याची, म्हणजे गोठ्याची, भिंत चाटायची. मातीची भिंत. चाटून चाटून तिनं तिथं खळगा पाडला होता.

टांग्यातले लोक गप्प बसतात का?

"काय भाऊ, घोडी जुंपली का म्हैस?"

"आमी उतरून ढकलतो, तू घोडीले टांग्यात बसव."

मी हसायचो नाही. घोडीला कुणी बोललं की मला घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागायचं. पण उपाय काय करायचा, हे मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं. आमच्यातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

माझा चुलता नालबंद होता. बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा, मला त्यानंच वाढवलं. आजूबाजूच्या गावांतली घोडी त्याच्याकडे नाल ठोकायला यायची, आणि वैशाख सरता सरता, पावसाच्या आधी, एकेका घोड्याची तो फस्त खोलायचा. फस्त म्हणजे मानेची शीर उघडून रक्त काढणं. उन्हाळ्यात घोड्याचं रक्त तापतं, नासतं, जड होतं, ते काढलं नाही तर पावसाळ्यात घोडं बसतं, अशी समजूत. माझ्या बापाची होती, त्याच्या बापाची होती. रक्त नासल्याच्या खुणाही ठरलेल्या: घोडं सुस्त पडतं, ठेचकाळतं, थोड्या कामानं घाम येतो, भिंत चाटतं. माझ्या घोडीत सगळ्या होत्या. एकही कमी नव्हती.

फस्तीचा दिवस ठरला, त्याच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. बायको घोडीला पाणी पाजत होती. तिनं मला हाक मारली. घोडीचा वरचा ओठ तिनं उचलून धरला होता.

"ह्या हिरड्या पाहा बरं. पांढऱ्या फटक हायेत."

"मंग?"

"मंग काय? मागच्या साली माह्या पोटात लेकरू होतं तवा नर्सबाईनं माह्या डोयाची पापणी अशीच खाली वढून पाह्यली होती. आतून पांढरी दिसली तं म्हणे, बाई, तुह्या आंगात रगत कमी हाय. हिची पापणी बी तशीच हाय. मी पाह्यली."

"तू बाई हाय अन् हे जनावर हाय."

"रगत तं दोघीचंबी लालच असते ना?"

"चाल, पाणी पाज," मी म्हणालो. "मोठी आली डागदरीण."

हे मी म्हणालो. ह्याच तोंडानं. तिनं ओठ सोडला, बादली उचलली आणि आत गेली. ती बोलली असती, भांडली असती, तर कदाचित मी एकदा वाकून पाहिलं असतं. पण नाही, तिच्यावर कशाला ढकलू? मी पाहिलं नाही, कारण बायकोनं सांगितलं होतं.

फस्तीच्या दिवशी घोडीची मान मीच धरली. चुलत्यानं मानेच्या बुडाशी दोरी आवळली, शीर बोटाएवढी फुगायची ती नीट फुगलीही नाही. त्यानं दोनदा चाचपली, नश्तर ठेवलं आणि लाकडी हातोडीचा एक टोला दिला. त्याचा हात साफ होता, ते नाकारत नाही.

रक्त आलं ते रक्त नव्हतंच. रंगाऱ्याच्या हौदात शेवटचं लुगडं बुडवून काढल्यावर जे पाणी उरतं ना, तसं. लोट्याच्या कडेला चिकटतसुद्धा नव्हतं.

"पाह्य बे," चुलता म्हणाला, "किती नासलं हाय. निरा पानी. म्हणून तं चालत नव्हती बिचारी. दाट लागेस्तोवर काढा लागते."

असा तो हिशेब. रक्त पातळ आहे म्हणून आणखी काढा. एक लोटा भरला, पातळच. दुसरा भरला, पातळच. तिसरा लावला तेव्हा घोडीचे पुढचे गुडघे वाकले आणि ती माझ्या खांद्यावरून घसरत खाली बसली. मग आडवी झाली. चुलत्यानं घाईनं दोरी सोडली, जखमेत टाचणी टोचून शेपटीच्या केसानं गुंडाळली.

"हलकी झाली आता. निजू दे तिले," म्हणाला, आणि लोटे धुवायला गेला.

हलकी झाली म्हणे.

मी दुपारची गाडी धरून मेहकरला ढोरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरणा, पुण्याकडचा, हातात घड्याळ. त्या दिवशी त्याला निघता आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आला. घोडी तशीच पडून होती, मान तेवढी उचलायची. इस्त्रीच्या पँटीसकट तो लिदीत बसला. ओठ उचलला आणि माझ्याकडे वळला.

"रक्त किती काढलं?"

"दोन लोटे. अन् वर थोडं."

"कुणी?"

"चुलत्यानं."

"आणि धरलं कुणी?"

"मी."

"शहाणे आहात का हो तुम्ही? हिच्या अंगात मुळात रक्त नव्हतं. जे होतं ते तुम्ही लोट्यात भरलंत!"

मला असा राग आला की त्याची पेटी उचलून रस्त्यावर फेकावी. माझ्या कोठ्यात येऊन, माझ्या बायकोसमोर. "साहेब," मी म्हणालो, "मले शिकवू नका, घोडी पाहा."

"घोडी मी पाहिली. आता तुम्ही पाहा." त्यानं माझा हात धरून अंगठा घोडीच्या हिरडीवर दाबायला लावला. "सोडा. लाली परत येते का?" येत नव्हती. दाबलेली जागा आणि न दाबलेली, दोन्ही सारखीच, चुन्याच्या भिंतीसारखी. "आता स्वतःचं नख दाबा." दाबलं, सोडलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत लाल झालं. "रोज सकाळी एवढं बघायचं असतं. पैसा लागत नाही त्याला."

मग म्हणाला, "कानात बोट घाला." घातलं. कानात, आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या आतल्या अंगाला, एरंडाच्या बिया चिकटाव्यात तशा गोचिडी, रक्त पिऊन टम्म. मी रोज सकाळी तासभर खरारा करणारा माणूस! पाठ आरशासारखी घासायचो, लोकांना दिसते ना. शेपूट उचलून मी कधी पाहिलं नव्हतं. लीद त्यानं कागदात बांधून नेली आणि पोटात जंत आहेत, तेही रक्तच पितात, असा निरोप औषधासोबत धाडला. पण ते औषध लगेच देऊ नका म्हणाला, आत्ता तिला झेपणार नाही. आधी खाऊ द्या, उभी राहू द्या. बाकी सगळं त्यानं कोठ्यातच सांगितलं: गोचिडी वेचून रॉकेलच्या डब्यात टाका, अंगावर रॉकेल चोळू नका. भिंतीच्या फटी लिंपून चुना मारा. हिरवा लसूणघास द्या, खुराकात दवाखान्यातली लोखंडाची पुडी द्या, मोजून. आणि तीन महिने जू नाही. एक दिवससुद्धा नाही.

"अन् शीर?"

"शिरेला पुन्हा कुणी हात लावला, तर मला बोलावू नका. मेलेलं जनावर उचलणाऱ्याला बोलवा."

आजही लग्नाच्या वरातीत घोडी दिसली की मी पुढं जातो आणि तिचा ओठ उचलून पाहतो. वरातवाले मला वेडा म्हातारा म्हणतात, नवरदेवाचे दोस्त हसतात. हसा. तिच्या अंगावर भरजरी झूल, कपाळावर आरसे, खाली हिरड्या पांढऱ्या, आणि बँडवाल्यांसमोर तिला तीन तास नाचवतात. मालकाला सांगितलं तर म्हणतो, "बाबा, आळशी हाय ती." आळशी! घोडं आळशी नसतं. अंगात ताकद असली तर घोड्याला एका जागी उभं राहवत नाही. हे ज्याला कळत नाही, त्यानं शेळी पाळावी.

तर, फस्तीनंतर पाचव्या दिवशी घोडी उठली. मी आणि बायकोनं दोन्ही बाजूंनी आधार दिला. पाय थरथरत होते, पण उठली. आणि आठव्या दिवशी चुलता आला, हातात तेच नश्तर. रिवाजच तसा होता, आठ दिवसांनी मानेच्या दुसऱ्या बाजूची शीर. मी कोठ्याच्या दारात उभा राहिलो. समोरच्या ओट्यावर बसलेले लोक माना वळवून पाहायला लागले.

"दार सोड," चुलता म्हणाला.

"काका, नाही."

"काऊन?"

"तिच्या आंगात रगतच नाही. डागदरनं सांगतलं."

"डागदरनं! काल मिशा फुटलेलं पोट्टं. त्यानं कधी नाल ठोकला? घोड्याची लाथ खाल्ली कधी? तुह्या बापाच्या घोड्यायची फस्त म्या खोलली, तवा हा पायन्यात होता."

"लाथ नसन खाल्ली. पन त्यानं हिरडी पाह्यली. तुमी पाह्यली? मी पाह्यली?"

"मले तोंड वर करून बोलतो? तुले खांद्यावर घेऊन फिरलो मी, बह्याडा!"

"म्हणून तं त्या दिवशी मान धरून देल्ली. आता नाही देत. मारा मले, पन आत नाही जाऊ देत."

त्यानं खरंच हात उगारला. तेवढ्यात बायको आतून आली, डोक्यावर पदर, नजर खाली. सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसासमोर ती त्याआधी कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"मामाजी, मागच्या साली माह्या आंगात रगत नव्हतं, तवा तुमीच माह्यासाठी गूय-शेंगदाने आणून देल्ले. तवा माही फस्त काऊन नाही खोलली?"

ओट्यावर एकजण फिसकन हसला. मग दुसरा. चुलत्याचा उगारलेला हात तसाच राहिला, मग खाली आला. मला वाटलं आता तो आत येऊन ओठ उचलून पाहील. मनापासून वाटलं. पाहिलं असतं तर मी तिथंच त्याचे पाय धरले असते.

नाही पाहिलं. नश्तर कपड्यात गुंडाळलं.

"तुह्या घोडीले आता नाल कोन लावते ते पाह्यतो मी," म्हणाला. "ह्या हातानं तं नाही."

आणि गेला. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला इतका राग आला नसता. माझ्या तोंडात घास घालणारा हात, घोड्याचा खूर नुसता हातात घेऊन दुखरी जागा सांगणारा हात, आणि त्या हाताला हिरडीपर्यंतचं वीतभर अंतर पार होत नव्हतं. का तर बापजाद्यांनी पाहिली नाही. त्या वर्षी आणखी दोन टांगेवाल्यांची घोडी फस्तीनंतर मेली, आणि दोघंही म्हणाले, रगत लय नासलं होतं. मी सांगायला गेलो तर मलाच ऐकवलं, चुलत्याच्या पोटावर पाय देतो म्हणून. तो पुढं माझ्याशी कधीच बोलला नाही. मीही गेलो नाही. चुकलं असेल. पण मी गेलो नाही.

घोडीच्या हिरड्यांवर पहिली गुलाबी झाक आषाढात दिसली. बायकोनं पाहिली, माझ्या आधी. दसऱ्यानंतर मी तिला हलक्या ओझ्याला जुंपली, आणि पुढं नऊ वर्षं तिनं तो मेहकरचा चढ न थांबता चढला. पण हे सगळं नंतरचं.

चुलत्याशी भांडण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराकडून पक्कड आणली. तीन महिने घोडी चालणार नव्हती, नालाखाली खूर वाढून फाटले असते, आणि नाल काढायला आता कुणी येणार नव्हतं. मी कधी नाल काढला नव्हता. एकेक पाय गुडघ्यांत धरला, खिळ्यांची वळलेली टोकं छिन्नीनं सरळ केली आणि ओढली. दोन खिळे तुटले, माझं बोट फाटलं. घोडीनं एकदाही पाय झटकला नाही, तेवढीही ताकद तिच्यात नव्हती, आणि मी तिच्या पोटाखाली वाकून चुलत्याला आणि स्वतःला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या देत होतो. चौथा नाल निघेपर्यंत ऊन अंगणात आलं. मग तिला पावलापावलानं चालवत निंबाखाली नेऊन बांधली, ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबून पाहिला, आणि विळा घेऊन घास कापायला गेलो.