किसनचं कच्चं अंग

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता ती स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. पाच आठवड्यांपूर्वी जळगाव जामोदहून किसनच्या मुलाचा, शरदचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी नुसतं "बरं" म्हणालो आणि बसून राहिलो. डोळ्यांसमोर आमच्या तालमीतली लाल माती होती, ताक आणि तेल घालून मळलेली, मऊ... आणि तिच्यावर पडलेला कवडशाचा एक तुकडा.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही विशीतले. किसन गावातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात हसरा. त्याला देऊळघाटची मुलगी सांगून आली, पण तिचा मामा भर बैठकीत म्हणाला, "या नवरदेवाले घोडी नाही, हत्ती पाहा लागते." सगळे हसले, किसनही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो तालमीत येऊन उभा राहिला. पाहुणे पुन्हा यायच्या आत त्याला अंगानं उतरायचं होतं.

बैठका मारणाऱ्यानं स्वतः मोजायचं नाही, त्यानं दम तुटतो, असा आमच्या तालमीचा रिवाज. मोजायला जोडीदार लागतो. किसननं मला बसवलं. तो डोळे मिटून उठायचा, बसायचा, आणि माझा आवाज त्या मातीच्या गारव्यात संथ फिरत राहायचा. दीडशेच्या पुढं गेलो, की मी हळूच शंभरावर यायचो. पुन्हा दीडशे, पुन्हा शंभर... बाकीची पोरं तोंडात पंचा कोंबून हसत होती. "काऊन बे, आज दोनशे लय लांब आहेत," एवढंच तो एकदा म्हणाला. डोळे उघडले नाहीत. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी त्याला खाटेवरून उठवेना. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, लघवी काळ्या चहासारखी. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी पाजलं. शेवटी बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती बैठका मारल्या? किसननं प्रामाणिकपणे सांगितलं, दोनशे. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. डॉक्टरांनी लघवीची बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, मांस विरघळून लघवीतून जातंय. पण एवढ्यानं असं व्हायला नको, याचं अंगच कच्चं असावं.

तो वाचला. पण ते वाक्य त्याच्यासोबत घरी आलं. देऊळघाटचं स्थळ मोडलं. पुढं लग्न उशिरा झालं, शेती त्यानं बटाईनं दिली आणि आयुष्यभर बसून भाजी विकली. गाव त्याला आळशी म्हणायचं. तो आळशी नव्हता. तो स्वतःला भीत होता.

दोन वर्षांपूर्वी शरदनं अकोल्याला वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. शरीर बापासारखंच भारी. टेबलावर फार वेळ उताणं राहिल्यानं त्याच्या कमरेखालचं मांस दबून विरघळलं, लघवी तशीच काळी झाली. वेळेवर ध्यानात आलं, म्हणून निभावलं. मी भेटायला गेलो, तेव्हा किसन ओट्यावर बसला होता. शरदला डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, की जाड माणसाला अशा लांबलेल्या ऑपरेशनात हे होऊ शकतं. किसनच्या कानात ते शिरत नव्हतं.

"माह्यं कच्चं आंग पोराले गेलं बे," तो म्हणाला. "आता नातवाचं भेव वाटते."

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही... आणि मी चहा मागितला.

किसनची एक सवय होती. ओट्यावरून उठताना चौकट धरायचा, "एक" म्हणायचा आणि माझ्याकडे पाहून हसायचा. पुढचं मी मोजावं म्हणून. तेराव्याला गेलो तेव्हा त्या चौकटीवर, त्याच्या हाताच्या उंचीला, लाकूड गुळगुळीत काळं झालेलं दिसलं. उठताना मी तिथं हात ठेवला. आतून शरद म्हणाला, "काका, जपून उठा."

किसना, तुह्यं आंग कच्चं नव्हतं बे. तू दोनशेच्या कितीतरी पुढं गेला होतास. मीच तुले मागं आणत होतो. मले माफ...