कुशाबांचा पिण्याचा दाखला

बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा दात बघून वय सांगावं ते कुशाबांनीच. दलालीत वीस वर्षं गेली, पिण्यातही तेवढीच. नारायणगावात पुण्याची माणसं दारूवर संशोधन करायला आलीत, त्यांना पिणारे हवेत, असं कळलं तसे ते बायकोला म्हणाले, "रत्ना, इस्त्रीचा सदरा काढ. ह्यातलं आपल्याइतकं कुणाला कळतंय?"

दवाखान्याच्या माडीवर समृद्धी नावाची मुलगी फॉर्म भरत होती. तिनं फुंकायचं यंत्र पुढं केलं. कुशाबांनी फुंकलं, यंत्र केकाटलं.

"काका, सही शुद्धीत करावी लागते. न पिता या."

"आवो ताई, पिणारी मानसं पायजेत ना तुमाला?"

"हो. पण न पिता आलेली."

कुशाबांना हे पटलं नाही, पण निवड हुकवायची नव्हती. त्यांनी बाटली बंद केली. हात असे कापायला लागले की चहा बशीत ठरेना. रत्नाबाई घाबरल्या, डॉक्टरकडं घेऊन गेल्या. दोन दिवस सलाईन. बरे होऊन माडी चढले, तर यंत्राचे सेल उतरलेले. पुढच्या खेपेला यंत्र चालू, पण सहीला साक्षीदार हवा. त्यांनी दोस्त भागूला नेलं. साक्षीदारालाही फुंकावं लागतं हे भागूला कुणी सांगितलं नव्हतं.

शुद्धीतला साक्षीदार शोधण्यात चार आठवडे गेले. ओळखीतले सगळे भागूसारखेच. साक्षीदार कधीही मिळेल म्हणून कुशाबा थेंब घेत नव्हते. शेवटी शाळेतले जुने शिपाई रामनाथ तयार झाले. दोघांनी फुंकलं, यंत्र गप्प. सह्या झाल्या. समृद्धीनं पहिला प्रश्न विचारला, "गेल्या तीस दिवसांत किती दिवस प्यायलात?"

"एक बी न्हाई!"

तिचं पेन थांबलं. "मग तुम्हाला घेता येणार नाही, काका. अभ्यास पिणाऱ्यांचा आहे."

हा अपमान कुशाबांना सोसेना. दुसऱ्या दिवशी ते ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक म्हणाला, "रहिवासाचा दाखला देतो, हयातीचा देतो. पिण्याचा नमुनाच नाय आपल्याकडं." मग सरपंचांनीच कोऱ्या कागदावर लिहून दिलं: 'सदर इसम वीस वर्षांपासून नियमित पितात, याची आम्हांस खात्री आहे.' खाली शिक्का. साक्षीला रत्नाबाईंची सही.

समृद्धीनं कागद दोनदा वाचला. "खरं आहे, पण हे जुनं झालं, काका."

"मंग आज पितो, उद्या येतो."

"तसं नका करू. पिऊन आलात तरी मी घेणार नाही."

सोबत आलेल्या रत्नाबाई जिन्यातच बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. कुशाबा दोन पायऱ्या खाली उभे राहिले.

निवड भागूची झाली. दर मंगळवारी तपासणीला कुशाबाच त्याला मोटारसायकलवर नेतात, कारण सकाळपासून सोबत बसल्याशिवाय भागू कोरडा राहत नाही. कुशाबांनी सोडून वर्ष होत आलं, पण बाहेरच्या बाकावर बसायचं म्हणजे अजून जिवावर येतं.

परवा भागू दारू सुटायच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आला.

"काय इचारलं रं?"

"हप्त्यात किती घेतली ते."

"आन् तू?"

"दोनदा, म्हनलो."

कुशाबांनी त्याचं मनगट धरलं, दार ढकललं आणि म्हणाले, "ताई, ते खोडा. ह्याचा आकडा मी सांगतो."