वाइड रिसिव्हर, मुक्काम नांदुरा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पहिलवान झाले, कीर्तनकार झाले, कलेक्टर झाले, आमदार तर दर पाच वर्षांनी होतातच. पण पगार घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळलेला माणूस सोनाळ्यापासून धाडपर्यंत अख्खा जिल्हा पालथा घातला तरी एकच सापडेल, आणि तो माझा सख्खा साळा आहे. हिचा धाकटा भाऊ. हे वाक्य मी नांदुऱ्याच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये बसून कित्येकांना ऐकवलं आहे, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी एकच काळजी दिसली आहे की सरांची तब्येत बरी आहे ना. मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं. हा खेळ नावाला फुटबॉल, पण चेंडू जवळजवळ सगळा वेळ हातात. चेंडूही गोल नसतो, कच्च्या पपईसारखा लांबट असतो. संघातला एक जण तो फेकतो, आणि अंगावर येणाऱ्या धटिंगणांना चकवून दूर पळत जाऊन तो झेलणारा जो असतो त्याला वाइड रिसिव्हर म्हणतात. साळ्याने पुण्याहून फोनवर ही बातमी कळवली तेव्हा सासूबाईंनी तिच्यातला ‘रिसिव्हर’ एवढा एकच ओळखीचा शब्द उचलला आणि पोरगं टेलिफोन खात्यात लागलं म्हणून गल्लीत पेढे वाटले. शेजारचे रिटायर पोस्टमास्तर क्रिकेटचे जाणकार. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “पण वाइड म्हंजे तं बाहेर गेलेला बॉल. हे काही मले बरोबर वाटून नाही राह्यलं.”

तो या खेळात पोचला तो पोलीस भरतीत नापास होऊन. कॉलेजात असताना त्याच्यासारखा पळणारा तालुक्यात नव्हता. पण भरतीत पळण्याइतकीच छाती फुगवावी लागते, आणि त्याची छाती काही केल्या मापात बसेना. तोंड पाडून बाहेर पडला तर शेजारच्या मैदानावर निवड चाचणी चाललेली. कोणीतरी हौशी पैसेवाल्यांनी आपल्याकडे या खेळाची लीग सुरू करायचं मनावर घेतलं होतं आणि देशभरातून कबड्डीवाले, खो-खोवाले, भालाफेकवाले गोळा करत होते. कुंपणाबाहेर आलेला एक चेंडू याने सहज झेलला. आत उभ्या असलेल्या अमेरिकन कोचने पुन्हा फेकायला लावला, याने पुन्हा झेलला. कोचला मराठी येत नव्हतं, याला इंग्रजी जेमतेम. “त्यानं फकस्त ‘गो’ म्हटलं, भाऊजी,” साळा सांगायचा, “तेवढं मले समजलं. मंग मी गेलो.”

तो गेला तो पुरता गेला. सुट्टीत घरी यायचा तेव्हा त्याला कुठलीही वस्तू हातात दिलेली चालत नसे. “ताई, फेक,” म्हणायचा. हिने स्वयंपाकघरातून लिंबू, कांदा, साबणाची वडी, एकदा तर गरम भाकर फेकली आणि त्याने ओसरीवरून सगळं अलगद झेललं. आमच्या घरावर मजला चढत होता तेव्हा खालून फेकलेल्या विटा तो वर उभा राहून अशा काही घेत गेला की मिस्त्री काम थांबवून पाहत बसले आणि म्हणाले, “पोट्ट्याले माझ्याकडे द्या सर, सोनं करतो त्याचं.” आठवडी बाजारात तो सरळ चालत नसे. चार पावलं नाकासमोर, मग एकदम काटकोनात वळण, मग पुन्हा पुढे. कोथिंबीरवाली बाई घाबरून जुडी छातीशी धरायची. याला ‘रूट’ म्हणतात, असं तो तिला समजावून सांगायचा आणि ती म्हणायची, “असंन बापा, पण माह्या दुकानातून काऊन नेतं तुयं रूट?”

शिवाय चालता चालता खांद्यावरून मागे बघायची त्याची खोड. पुढे पळत मागून येणारा चेंडू शोधायचा, हा त्याचा धंदाच होता, पण मलकापूरला मुलगी बघायला गेलो तेव्हा खोलीत शिरताना तो दोनतीनदा मागे वळला आणि मुलीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “यांच्या मांगं कोणी लागलं आहे का?” मी मनातल्या मनात ते स्थळ सोडून दिलं होतं. पण मुलगी घरच्यांना म्हणाली, “मांगं पाहणारा माणूस बरा. बायको मांगं राह्यली तं त्याले दिसन तरी.” त्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि आजही ती त्याच्यापेक्षा जास्त समजदार आहे.

त्यांचा एक सामना टीव्हीवर दाखवला. सासूबाईंच्या घरी माणसं मावेनात. पण हेल्मेटमुळे एकाचंही तोंड दिसेना. सासूबाई पडद्याजवळ सरकून विचारू लागल्या, “यातला आपला कोणता?” आणि कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात सगळे जण एकाच्या अंगावर पडले. त्या म्हणाल्या, “अवं, सोडवा न कोणी त्याले. आपलाच असंन तो.” तो आपला नव्हता, हे मागाहून कळलं. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

शेवटचा सामना पाहायला आम्ही दोघं पुण्याला गेलो. मैदान अर्धं रिकामं होतं. खेळ मला फारसा कळला नाही, पण इतकं कळलं की आमचा संघ थोडक्यात मागे आहे आणि आता टोकाशी एक चेंडू नीट झेलला तर जिंकेल. शिट्टी झाली आणि साळा सुटला. मी त्याला लहानपणापासून पळताना पाहिलं आहे, पण तसं कधी नाही. एकाला डावीकडे वळतोय असं दाखवून तो उजवीकडे निघून गेला आणि पार टोकाच्या कोपऱ्यात पोचला. त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. त्याने हात वर केला. ही माझा दंड दाबून म्हणाली, “पाहा, पाहा.” चेंडू मात्र मधल्या गर्दीत, जवळच्याच एका खेळाडूकडे गेला आणि खाली पडला. सामना संपला. बाकीचे बाहेर निघाले तरी साळा त्या कोपऱ्यात हात वर करून उभा होता. कोणीतरी जाऊन त्याला घेऊन आलं.

पुढच्या हंगामाचं बोलावणं आलंच नाही. पैसेवाल्यांची हौस फिटली होती. कोच आपल्या देशात गेला. साळा बॅग घेऊन नांदुऱ्याला उतरला. टेलिफोनच बंद पडत चालले म्हणून पोरगं घरी आलं, असं सासूबाईंनी गल्लीत सांगितलं. “आता कोण वापरते ते रिसिव्हर,” त्या त्याची समजूत काढायच्या, आणि तो हो म्हणायचा.

खरं वाईट त्यानंतर झालं. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या राखीव जागेसाठी त्याने अर्ज केला. मी बरोबर गेलो होतो. टेबलामागचा कारकून भला माणूस होता. त्याने कागद वाचले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “हा खेळ आपल्या यादीत नाही. एक करा, ‘अमेरिकन’ काढून टाका, नुसतं फुटबॉल लिहा. पुढचं मी पाहून घेतो.”

 साळा शांतपणे म्हणाला, “साहेब, फुटबॉल मी नाही खेळलो. त्याच्यात हात लावला तं फाउल होते. मी तं हातच लावत आलो.”

“अहो, कोण पाहायला येते?”

“हाव, कोणीच नाही पाहत,” तो म्हणाला, आणि कागद उचलून बाहेर आला.

घरी सासूबाई रडल्या. हिने त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. “एक शबूद खोडला असता तं काय झालं असतं?” सासूबाईंनी विचारलं. तो म्हणाला, “मंग इतके दिवस मी पुण्याले काय करत होतो, माय?”  आज तो इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. काम चोख करतो. सासूबाई गेल्या, पोरगं सरकारी नोकरीत चिकटलेलं पाहायचं राहूनच गेलं त्यांचं. मला अजूनही वाटतं की तो शब्द खोडायला हवा होता. मग वाटतं की खोडला असता तर त्याच्याजवळ उरलं काय असतं?

गेल्या हिवाळ्यात त्याला एक फोन आला. त्याच्या संघात चेंडू फेकणारा जो होता तो पुण्याचा मुलगा, आता बँकेत लागलेला, बदलीवर नागपूरला निघाला होता आणि गाडी नांदुऱ्याला थांबणार होती. साळा मला घेऊन स्टेशनवर गेला. डब्याच्या दारात एक पोट सुटलेला, केस विरळ झालेला माणूस उभा होता. दोघांनी मिठी मारली. मुलं किती, गुडघा कसा, असं चाललं होतं. गाडीने शिट्टी दिल्यावर तो माणूस घाईघाईने म्हणाला, “शेवटच्या मॅचला तू मोकळा होतास. मी पाहिलं होतं तुला. तुझ्याकडे फेकायला हातही उचलला होता, पण इतकं लांब फेकायचं धाडस झालं नाही रे. जवळच्याला दिला.”

“हाव,” साळा म्हणाला, “मोकळा होतो.”

गाडी गेली. तो बाकावर बसला. रडेल असं वाटून मी जवळ जाऊन बसलो, पण तो रडत नव्हता.

“भाऊजी, त्याले दिसलो होतो मी,” तो म्हणाला. “मले इतके वर्षं वाटे का मी कोणाले दिसलोच नाही.”

घरी जायला उशीर होत होता, पण त्याने चहा मागवला आणि ती धाव मला पहिल्या पावलापासून सांगितली. समोरचा गडी कसा आडवा आला, त्याला कशी डावीकडची हूल दिली, गवत कुठे ओलं होतं, कोपऱ्यात पोचल्यावर केवढी शांतता होती. इतक्या वर्षांत प्रथमच सांगत होता. हात वर केला, इथपर्यंत येऊन तो थांबला आणि चहा प्यायला लागला.