सोनवणे मॅडम आधी खाली बसायच्या

शाळेत भांडण झालं की बाकीचे सर छडी शोधायचे. सोनवणे मॅडम आधी खाली बसायच्या. वर्ग असो, मैदान असो, नळाजवळचा चिखल असो. कडक खळीची सुती साडी सावरत त्या सरळ जमिनीवर मांडी घालायच्या आणि एकमेकांच्या कॉलरी धरून उभ्या असलेल्या पोरांकडे खालून बघत राहायच्या. मॅडम पायाशी बसलेल्या असताना वर मारामारी चालू ठेवणं कोणालाच जमत नसे. पोरं आपोआप बसायची. "आधी बसा," त्या म्हणायच्या, "उभा माणूस खोटं पटकन बोलतो." गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना एकट्याने उठता येत नसे. म्हणून भांडण मिटल्यावर ज्या दोघांचं वाजलं होतं, त्यांनीच एकेक हात धरून त्यांना उठवायचं, असा नियम होता. मॅडम भरल्या अंगाच्या. दोघांनी एका वेळी जोर लावला नाही तर तिघंही खाली.

त्या आम्हाला भूगोल शिकवत. माहेर धुळ्याचं, राहायला चाळीसगावला. तिथून रोज स्कूटीवर आमच्या गावच्या शाळेत यायच्या. धुळ्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं होतं, तिथून त्या हे भांडणानंतर सगळ्यांनी गोल करून बसणं शिकून आल्या. "दोन दिवस गार चहा पाजला," त्या सांगायच्या, "पण एक गोष्ट गरम दिली." ती गोष्ट अशी, की शाळेत काही बिघडलं तर 'कोणी केलं' एवढंच विचारून थांबायचं नाही. कोणाला लागलं, त्याला आता काय हवं आणि ते कोण करणार, हेही विचारायचं.

गोलात एका वेळी एकानेच बोलायचं. त्यासाठी मॅडमनी स्टँडवरून निखळलेला प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल ठेवला होता. पृथ्वी ज्याच्या हातात, तोच बोलणार. एकदा हेडसर शिपाईकाकांवर सगळ्यांसमोर ओरडले. मॅडमनी काही न बोलता पृथ्वी आणून हेडसरांच्या हातात दिली आणि स्वतः व्हरांड्यात बसल्या. हेडसर पृथ्वी दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे होते. मग तेही बसले. शिपाईकाका आजही तो प्रसंग सांगताना आधी हसून घेतात.

हे सगळं मला गंमत म्हणून आवडायचं. माझ्यावर वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मी नववीत होते. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि कडुनिंब निंबोळ्यांनी लगडले होते. आमच्याकडे केळीच्या वावरांच्या बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे कुठेही पडलेले असतात. त्या नळीत हिरवी निंबोळी बरोब्बर बसते. पोरं नळी तोंडाला लावून फुंकर मारायची आणि निंबोळी गोळीसारखी सुटायची. वर्गातल्या भावेशने मित्रांशी पैज लावली होती, की कुंपणापासून निंबोळी मारून शाळेची घंटा वाजवून दाखवीन. घंटेच्या खालीच नळ होता. मी पाणी पिऊन मान वर केली आणि निंबोळी माझ्या भुवईवर बसली.

डोळा वाचला. डॉक्टरांनी पट्टी बांधली. पण घरी गेल्यावर दुखणं वेगळंच निघालं. आत्या म्हणाली, "इतल्या पोरी शेतस शाळामा, हिलेच कसं लागनं?" एवढंच. पण त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला, की मीच त्या पोराला काही खुणावलं असणार. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आते घर ऱ्हाय. बठ्ठं व्हयनं शिक्षण. सकाय जाईसन पुस्तकं दी ये."

आमच्या घरात दहावीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. मला पोचायचं होतं. पण आबांसमोर हे म्हणायचं कसं, ते मला माहीत नव्हतं.

सकाळी वाचनालयाची दोन पुस्तकं घेऊन शाळेत गेले. ऑफिसात हेडसर भावेशचा दाखला काढायला निघाले होते. "मॅडम, तुमचं गोल-बिल नंतर. आधी हा पोरगा बाहेर."

"काढा की," मॅडम म्हणाल्या. "तो पुढच्या गावच्या शाळेत जाईल. नळी सोबत घेऊनच जाईल. आणि या पोरीचा डोळा तिथून बरा होणार आहे का?"

हेडसरांनी पेन खाली ठेवलं. आम्ही रिकाम्या वर्गात गोल बसलो. मी, भावेश, त्याचे दोन मित्र आणि मॅडम. पृथ्वी आधी भावेशकडे गेली.

"सॉरी," तो म्हणाला आणि पृथ्वी पुढे सरकवायला लागला.

"थांब. सॉरीचं तिने काय करायचं? भाजी करायची का?"

मित्र हसले, मग मॅडमकडे बघून थांबले. भावेशने पैजेचं सगळं सांगितलं. मग पृथ्वी माझ्या मांडीवर आली. "तुला आता काय हवंय?" मॅडमनी विचारलं. मला तोपर्यंत कोणी कधी विचारलं नव्हतं, की तुला काय हवंय. मी पृथ्वीवरचे निळे समुद्र बघत बसले. तास संपल्याची घंटा झाली. कोणी हललं नाही. मॅडमनीही घाई केली नाही, सुचवलं नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही.

शेवटी मी म्हणाले, "मला माफी नको. यानं आमच्या घरी येऊन सांगावं, की मी काही केलं नव्हतं."

आणि मग घरात काय झालं, तेही सांगून टाकलं.

भावेशचा चेहरा उतरला. "मॅडम, मी उठाबशा काढतो. शंभर काढतो. दाखला दिला तरी चालेल. पण तिच्या घरी नको. आबा मना पाय तोडी टाकतीन!"

"बघ," मॅडम म्हणाल्या, "शिक्षा तुला किती सोपी वाटते. जायचं की नाही, ते तू ठरव. मी ओढून नेणार नाही. गेलास तर सोबत येईन."

रविवारी दुपारी आमच्या गल्लीत स्कूटी आली. पुढे मॅडम, मध्ये भावेशची आई, मागे भावेश. शिस्त शिकवणाऱ्या मॅडम ट्रिपल सीट! गल्लीतली सगळी पोरं मागे धावत होती. "नियम मोडलाय," मॅडम उतरता उतरता त्यांना म्हणाल्या, "माझा गोल उद्या तुम्हीच घ्या."

आबा अंगणात खाटेवर होते. आत्या उंबऱ्यात. मॅडम सरळ जमिनीवर बसल्या. भावेश उभाच होता. मग आठवल्यासारखा तोही खाली बसला.

"आबा, मी भावेश. मी सांगाले उनू. तुम्हनी पोरनी काहीच करं नही. ती नळवर पानी पी राहयंती. मी घंटाले मारी राहयंतू, निंबोळी तिले लागनी. तिनी मन्हाकडे दखं बी नव्हतं."

त्याची आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "भाऊ, कालपासून धड जेवना नही हाऊ."

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी दाराआडून बघत होते. पाय तुटणार की काय, असं मलाही वाटलं.

"कुंपणपासून मारी व्हती?" आबांनी विचारलं.

"हा आबा."

"घंटा वाजनी का मंग?"

"नही आबा."

आबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मिशीने दगा दिला. आधी भावेशची आई हसली, मग मॅडम, मग सगळेच. आत्या तेवढी हसली नाही. ती उठून चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझा कप तिने वेगळा आणून दिला. त्यात साय होती.

चहा झाल्यावर आबा भावेशला म्हणाले, "शाळाले कोनता रस्ताथून जास तू?"

"आठूनच. पायपाय." त्याने आमच्या दारासमोरच्या रस्त्याकडे बोट केलं.

"मंग सकायपाईन हिन्या पुढे चाल. मांगे नही. पुढे. माले दखाले पाहिजे तू."

म्हणजे मी जाणार होते! हे मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी आत पळाले आणि दप्तर उगाचच दोनदा भरलं.

निघताना आबा मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर काहीच बोलन्यात नही."

"माझ्या मनात होतं ते तुम्हीच बोललात, आबा," मॅडम म्हणाल्या. "चहा मात्र धुळ्यापेक्षा गरम होता."

आता मी जळगावला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम अजून त्याच शाळेत आहेत. होस्टेलवर मैत्रिणींना त्यांच्याबद्दल सांगते, तेव्हा मला त्यांचं मोठेपण नीट मांडता येत नाही. त्यांनी मला वाचवलं, असं म्हटलं तर त्या रागावतील. त्यांनी फक्त माझ्या उत्तराची वाट बघितली. इतकी वाट माझ्यासाठी कोणी बघितली नव्हती.

त्या सोमवारी भावेश कोपऱ्यावर उभा होता. मला बघताच तो पुढे चालायला लागला, इतका भरभर, की त्याला गाठायला मला पळावं लागलं असतं. अधूनमधून मागे वळून मी येतेय ना, ते बघायचा आणि पुन्हा सुटायचा. पहिला तास भूगोलाचा. मॅडमनी हजेरी घेतली. माझं नाव आलं. मी एरवी 'हजर' इतकं हळू म्हणायचे, की मॅडमना मान वर करून बघावं लागायचं. त्या दिवशी तो शब्द तोंडातून असा सुटला, की पहिल्या बाकावरची पोरगी दचकली आणि सगळा वर्ग हसला.

मॅडमनी हजेरीवरून मान वर केलीच नाही.

"ऐकू आलं गं," त्या म्हणाल्या. "चाळीसगावला स्टेशनात गाडी थांबली असेल."