हिराआत्याचे धवळे आणि गुरुजींचा कॉम्प्युटर

गुरुजी कधी कुणाचं बोलणं मध्येच तोडत नसत. फोनवरची कंपनीची बाई "मराठीसाठी दोन दाबा" म्हणायला लागली, की तिचंही सगळं ऐकून घेत आणि मग शांतपणे दोन दाबत. "बिचारी बोलतेय ना, होऊ दे तिचं," म्हणायचे. अंजूरच्या शाळेत मी त्यांच्याच हाताखाली शिकले. चुकतमाकत पाढे म्हणणाऱ्या पोरालाही ते शेवटपर्यंत म्हणू देत, आणि बाकीचे आम्ही कंटाळून बाकावर डोकी टेकायचो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम मनावर घेतलं. आमच्याकडच्या लग्नात हळदीपासूनचे विधी धवलारीण गाऊन करते. ती गाणी म्हणजे धवळे. ते कुठं लिहिलेले नाहीत, बायकांच्या तोंडीच चालत आलेले. गावात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी हिराआत्या एकटीच उरली होती, आणि तिला दमा. "ती गेली की आपली लग्नं मुकी होतील," गुरुजी म्हणायचे. आत्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायचा त्यांनी ध्यासच घेतला.

आत्याचा नियम कडक होता. "मधीच तुटला त परत पयल्यापासून," ती बजावायची. आणि तुटायचा तर रोजच. कधी तिला खोकला यायचा, कधी बाहेर ट्रक रिव्हर्स घ्यायचा. आत्या चिडून पाणी प्यायची, पदर सावरायची आणि पुन्हा सुरुवात. गुरुजी मात्र ते तुटलेलंही सगळं सांभाळून ठेवत. कुणी हसलं की म्हणत, "अर्धं तर अर्धं. आवाज तिचाच आहे."

एक दिवस कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. वळ गावातल्या एका गोदामात मी कॉम्प्युटरवर असते, म्हणून फोन मलाच. गेले. एकेका फोल्डरवर जाऊन त्याचा आकार बघत बसले. गुरुजी शेजारी अपराध्यासारखे उभे. "माझ्याच गाण्यांनी भरलं ना गं?" कसली गाणी. गाणी कोपऱ्यात मूठभर होती. बाकी सगळी डिस्क खात होता गेटवरचा कॅमेरा. घरामागच्या भातशेतीवर त्यांच्या मुलाने गोदाम बांधून भाड्याने दिलं होतं, आणि भाडेकरूच्या अटीप्रमाणे गेटचं रेकॉर्डिंग याच कॉम्प्युटरवर साठत होतं. ट्रक येतोय, ट्रक जातोय, शटर वर, शटर खाली. एवढंच, दिवसचे दिवस.

"म्हणजे ट्रकना जागा आहे आणि आत्याला नाही," गुरुजी म्हणाले. मला असा राग आला की ते सगळं तिथल्या तिथं उडवणार होते. त्यांनीच हात धरला. "नको गं. त्या भाड्यावर घर चालतं, मुलगा घराबाहेर काढेल मला." शेवटी ठरलं, रविवारी मी बाहेरून लावायची डिस्क आणते. तोवर कशाला हात लावायचा नाही, असं मी बजावून आले.

पण गुरुवारीच आत्या आपण होऊन आली. तिला बरं वाटत होतं, गळा मोकळा होता. जागेचा घोळ गुरुजींनी सांगितला, तेव्हा तिने विचारलं, "मंग ते तुटल्याले अजून ठेवलेस? पुसून टाक. अर्धा धवला घरान ठेवू न्हाय, पोरींचे संसार अर्धे राहतान." गुरुजींनी आयुष्यात तिचा शब्द मोडला नव्हता. पूर्ण असं एकही नव्हतं; ती सगळी अर्धी गाणी त्यांनी पुसली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि डोळे मिटून हात जोडून बसले. आत्या गायली. दुपारभर गायली, एकदाही न अडखळता. उठताना म्हणाली, "माजा काम झाला."

दोनच दिवसांत आत्या गेली. तिच्या लेकी रडत होत्या. गुरुजी त्यांना सांगत होते, "आई कुठं गेली नाही. सगळी आहे माझ्याकडे." माझी रविवारची डिस्क तशीच पिशवीत राहिली. सुतकात धवळे लावायचे नाहीत म्हणून त्यांनी तो कॉम्प्युटर उघडलासुद्धा नाही.

दिवस उरकल्यावर लेकींना बोलावलं आणि मी गाणं लावलं. गाण्यात हळद दळायला घेतली, जात्याला नमस्कार झाला, आणि आवाज थांबला. "पुढे लाव," गुरुजी म्हणाले. पुढे काही नव्हतं. आत्या गात असतानाच कॅमेऱ्याने उरलीसुरली जागा भरून टाकली होती आणि रेकॉर्डिंग तिथंच बंद पडलं होतं. मिटल्या डोळ्यांना ते कुठून दिसणार? पुसलेली गाणी परत काढायचाही मी जिवापाड प्रयत्न केला. ती एकमेकांना जोडून बरेचसे धवळे उभे राहिले असते. पण मधल्या दिवसांत मुलाने जुने ट्रक पुसून नव्या ट्रकना वाट करून दिली होती, आणि गाण्यांच्या जागेवरही तेच येऊन बसले होते. नावं तेवढी सापडली, आत काही नाही. लेकी उठून गेल्या. गुरुजींनी कुणाला थांबवलं नाही. मला मात्र रडू आवरेना.

त्या गुरुवारचं गेटचं रेकॉर्डिंग तेवढं मला मिळालं. दोन ट्रकच्या मधून आत्या भिंतीला धरून येते आहे आणि तिचे ओठ हलताहेत. वाटेने उजळणी करत आली असणार.

"आवाज वाढव," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, या कॅमेऱ्याला आवाज नसतो."

गुरुजी स्वतः जाईपर्यंत रोज तेवढंच लावून बसायचे, तिचे ओठ बघत, शब्द जुळवत. मला शेवटचे भेटले तेव्हा म्हणाले, "दोन ओळी लागल्यात गं. पण त्या तिच्या आहेत, की मीच मनाने घालतोय, हे आता कुणाला विचारू?"